बारा आठवडे आपली लेखणी आवरावी

हिपॅटायटिस-सी या विकाराची चिकित्सा गेल्या दशकात आमूलाग्र बदलली. इंटरफेरॉनची दीर्घकाळ चालणारी इंजेक्शने मागे पडली. सोफोसबुविर भारतात २०१५ साली आले आणि २०१८ पासून राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ते डॅक्लाटासविर वा वेलपाटासविरसह विनामूल्य मिळू लागले. साधारणतः १२ आठवड्यांच्या उपचाराने दहापैकी नऊहून अधिक रुग्ण विषाणुमुक्त होतात. हे यश मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे. मात्र याच काळात रुग्ण आपल्याकडेही येतो, 'यकृतासाठी काहीतरी द्या' म्हणतो, आणि आपली लेखणी सवयीने चालू लागते.

वेलपाटासविरचे शोषण आमाशयातील अम्लतेवर अवलंबून असते. म्हणून ते व अँटासिड यांत चार तासांचे अंतर ठेवावे, ओमेप्राझोलसारखी औषधे शक्यतो टाळावीत, असे निर्देश आहेत. आता आपली शंखभस्म, कपर्दिकाभस्म, प्रवाळपंचामृत, कामदुधा ही औषधे पाहा. ही द्रव्ये बव्हंशी कॅल्शियमयुक्त असून अम्लपित्तात आपण ती देतो ती अम्लता शमविण्यासाठीच! अर्थात तोच सावधपणा येथेही हवा. मात्रा कमी पडल्यास रुग्णाला काहीच जाणवत नाही. उपचार संपून १२ आठवड्यांनी रक्ततपासणी होते, तेव्हा विषाणू शिल्लक असल्याचे कळते, आणि तोवर तो औषधाला दाद न देणाराही झालेला असू शकतो.

पिप्पलीचे योगवाहित्व आपण अभिमानाने सांगतो. पिपरीनच्या साहाय्याने रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारे औषध जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधनातूनच निघाले. मग तेच पिपरीन अन्य औषधांच्या बाबतीत स्वस्थ बसेल, असे कसे मानावे? डॅक्लाटासविरचे पचन सीवायपी ३ए४ या विकराने होते. त्या विकराला प्रबळपणे रोखणारे औषध सोबत असल्यास त्याची मात्रा ६० वरून ३० मिलिग्रॅम करतात. पिपरीन याच विकराला रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्रिकटुयुक्त कल्प या काळात टाळणेच मला इष्ट वाटते.

रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी सोफोसबुविर निष्प्रभ होते. अ‍ॅमिओडारोनसह हृदयगती धोकादायक मंदावते. मधुमेहींची साखर उतरू शकते. हिपॅटायटिस-बीची तपासणी झाली आहे ना, हेही विचारावे, कारण सी जाताना बी उसळतो.

'आपली औषधे नैसर्गिक, त्यांचा अपाय नाही' हे वाक्य वैद्याच्या तोंडी शोभत नाही. चरकाने सूत्रस्थानातच विरुद्धाचे अठरा प्रकार सांगितले. त्यांत संयोगविरुद्धही आहे.

या रुग्णाच्या केसपेपरवर तांबड्या शाईने उपचार सुरू व समाप्त होण्याच्या तारखा लिहाव्यात. त्या दोहोंमध्ये पथ्य, विश्रांती आणि मद्यवर्जन एवढेच सांगावे. काही देणे अपरिहार्यच असल्यास कल्पाचे संपूर्ण घटक लिहून ती चिठ्ठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे रुग्णाच्याच हाती पाठवावी.