चुका जुन्याच, फटका मात्र जगाला

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास जगभरातील संगणकांचे पडदे निळे पडू लागले. विमानसेवा विस्कळित झाली, अनेक देशांत रुग्णालयांची कामे खोळंबली आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. हा हॅकरांचा हल्ला नव्हता. संगणकांच्या सुरक्षेची जबाबदारी सांभाळणाऱ्या क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीनेच पाठवलेल्या अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते.

कंपनीच्या चौकशी अहवालातून पुढे आलेले कारण थक्क करणारे आहे. नव्या अपडेटला माहितीचे २१ रकाने अपेक्षित होते. प्रोग्रामकडून मात्र २०च पुरवले जात होते. अस्तित्वातच नसलेला एकविसावा रकाना वाचण्याच्या प्रयत्नात प्रोग्रामने मेमरीची हद्द ओलांडली आणि संगणक कोसळले. आधीच्या चाचण्यांत त्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी मुभा असल्याने तो वाचण्याची वेळ आली नाही आणि दोष दडून राहिला.

हद्द न तपासण्याची ही चूक मुळीच नवी नाही. १९८८ चा मॉरिस वर्म याच जातकुळीतील दोषाचा फायदा घेऊन पसरला. २०१४ मध्ये उघडकीस आलेला हार्टब्लीड हा दोषही त्यातलाच. अमेरिकेतील मायटर ही संस्था सर्वाधिक धोकादायक अशा २५ दोषांची यादी प्रसिद्ध करते. २००९ मध्ये प्रथम निघालेल्या या यादीत मेमरीविषयक चुका आजही ठाण मांडून आहेत.

तथापि, केवळ प्रोग्रामरला दोष देऊन भागणार नाही. चूक कोडमधील होती. तिचा वणवा झाला तो रचनेमुळे. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या थेट गाभ्यात चालत असल्याने त्याच्याबरोबर संपूर्ण संगणक कोसळला. त्यातच अपडेट टप्प्याटप्प्याने न देता एकदमच पाठवले गेले. ते ७८ मिनिटांत मागे घेतले गेले खरे. पण बंद पडलेले असंख्य संगणक माणसांना एकेक करून सुरू करावे लागले.

पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे जगासाठी सॉफ्टवेअर लिहिले आणि सांभाळले जाते. त्यामुळे हा धडा आपल्यासाठीही तितकाच महत्त्वाचा ठरतो. सॉफ्टवेअर चालते का, एवढेच तपासून थांबता येणार नाही. ते कोठे मोडेल आणि मोडल्यास नुकसान कोठे रोखता येईल, हे प्रश्न आराखड्याच्या पहिल्या दिवशीच विचारावे लागतील. दोषांची यादी सर्वांसमोर आहे. ती कामाच्या वेळी उघडली जाते का, हाच खरा प्रश्न आहे.