खांद्यावरचे कातडे

मराठीत कातड्याला जागा कमी नाही. विहिरीवर मोट होती, पखालजीच्या पाठीवर पखाल होती, तेलातुपासाठी बुधले होते. शेतकऱ्याच्या हाती आसूड, शाहिराच्या हाती डफ, शिपायाच्या हाती गेंड्याच्या कातड्याची ढाल. पायात वहाणा तर होत्याच. वाक्प्रचारांतही तेच. उपकार फेडायचे म्हटले की आपण आपल्या कातड्याचे जोडे करून दुसऱ्याच्या पायात घालण्याची भाषा करतो, निर्लज्जाला गेंड्याची कातडी बहाल करतो, भित्र्याला कातडीबचाऊ ठरवतो. मात्र पुरुषाने रोज अंगात घालावयाच्या कातड्याच्या वस्त्राला आपल्याकडे घरचा शब्द नाही. मृगाजिन आहे, व्याघ्रांबर आहे. पण ती तपस्व्यांची आणि शंकराची, संसारी माणसाच्या खुंटीवर ती टांगलेली नसतात. उरला तो सिंहाचे कातडे पांघरलेला गाढव, आणि त्याचे पुढे काय झाले हे आपण शाळेतच शिकलो.

हे आठवण्याचे निमित्त साधे आहे. गेल्या हिवाळ्यात लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून नागफणीकडे जाणाऱ्या पायवाटेवर आम्हाला पोटरीपर्यंत लोंबणारे काळे कोट घातलेले काही तरुण दिसले. कोट बहुधा रेक्झिनचे होते आणि ते थंडीसाठी नव्हे, छायाचित्रांसाठी घातलेले होते. त्यांना हसणे सोपे आहे. आमच्या मते त्यापेक्षा अधिक उपयोगाचा प्रश्न असा की, या कोटात असे काय आहे की जे मिळवण्यासाठी माणूस घाम गाळत तो डोंगरावर वाहून नेतो?

हवामान हे त्याचे उत्तर नक्कीच नव्हे. या टापूत वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात इथे कातड्याच्या वस्तूला बुरशी धरते; लांब कोट तर भिजून अंगावर ओझे होतो. मावळातल्या माणसाने हे फार पूर्वी ओळखले होते. भातलावणीला वाकताना पाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले, आणि एरवी डोक्यावरून खोळ करून घेतलेली घोंगडी. दख्खनी मेंढीची काळी लोकर, खड्डामागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली ही घोंगडी पाऊस बराच वेळ बाहेरच थोपवते, रात्री अंथरूण होते आणि दिवसा बैठक. जाता जाता एक गंमत: ज्या सुळक्याला आपण नागफणी म्हणतो त्याला इंग्रजांनी ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून नाव दिले. याच ड्यूकच्या नावाचे उंच बूट मुळात वासराच्या कातड्याचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते रबराचे होऊ लागले आणि आज त्याच घराण्यातला गमबूट घालून लोक चिखलातून फिरतात. पावसाने ड्यूकच्याही कातड्याला माघार घ्यायला लावली.

लांब चामडी कोटाचा जन्म थंड देशांतला, आणि तोही कामाच्या गरजेतून झालेला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना छत नव्हते, विमानांना तर नव्हतेच. वारा अडवण्यासाठी चालकांनी आणि वैमानिकांनी कातडे अंगावर घेतले. पहिल्या महायुद्धात ते लष्करात रुळले. १९१७ नंतरच्या रशियात ते क्रांतीच्या बंदोबस्तावर निघालेल्या चेकाच्या माणसांच्या अंगावर आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अधिकाऱ्यांनी ते मिरवले, आणि युद्धोत्तर चित्रपटांनी गेस्टापोचा माणूस म्हटला की काळा चामडी कोट हे समीकरणच करून टाकले. या वंशावळीत एक गोष्ट समान आहे. कोट घालणारा कोणत्या ना कोणत्या सत्तेचा माणूस आहे. दार ठोठावणारा तो आहे. दार उघडणाऱ्याच्या अंगावर हा कोट कधी दिसत नाही. आपल्या 'शहेनशाह'मध्येही (१९८८) नायक दिवसा पोलीस आहे आणि रात्री काळे चामडे व पोलादी जाळीचा बाहू चढवून न्यायनिवाडा करतो. वर्दी उतरली तरी अधिकार उतरत नाही; तो फक्त कातड्यात शिरतो.

तेव्हा हा कोट 'बंडखोर' आहे, ही आजची समजूत आम्हाला पटत नाही. पण ती कोठून आली हे पाहण्याजोगे आहे. १९६६ साली ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापला. काळे चामडी जाकीट, निळा शर्ट आणि काळी बेरे टोपी हा त्यांचा वेष ठरला. जाकीट आखूड होते, कोट नव्हे. पण अधिकाऱ्याचे कातडे ज्याच्यावर अधिकार चालवला जाई त्याने अंगावर चढवणे, यातली जरब सर्वांना कळली. पाठोपाठ १९७१च्या 'शाफ्ट'मध्ये रिचर्ड राउंडट्री न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून लांब चामडी कोटात चालला आणि जरबेची शैली झाली. शैलीचा बाजार व्हायला वेळ लागत नाही.

आता मराठी वाचकाने विचारावा असा प्रश्न येथे आहे. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदींनी दलित पँथर उभी केली तेव्हा ओकलंडहून नाव आले, चित्त्याची झेप आली, जाकीट मात्र गणवेश म्हणून आले नाही. का? मुंबईचा उकाडा आणि खिशातली चणचण ही कारणे खरीच. तेवढीच असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. ओकलंडच्या तरुणाला कातडे ही पोलिसाकडून हिसकावून घेतलेली गोष्ट वाटू शकत होती. इथल्या तरुणाच्या मागच्या पिढ्यांवर कातडे लादलेले होते. गावगाड्यात मेलेले गुरू ओढून नेणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे, त्याचे जोडे नि मोटा करणे चांभारांकडे. आणि त्या कातड्यावर ज्यांची शेती भिजे ते सारे या हातांना शिवायचे नाहीत. १९२७च्या महाड परिषदेच्या काळापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस आणि मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडण्याचा आग्रह धरला तो उगाच नव्हे. ज्या वस्तूपासून हात सोडवण्यासाठी एवढा लढा द्यावा लागला, ती फॅशन म्हणून खांद्यावर घेणे सोपे नव्हते. महाराष्ट्राने बंडखोर कोट पाहिला तो निराळाच. तो कापडाचा आहे, त्याच्या खिशाला पेन आहे, आणि चौकाचौकांतल्या पुतळ्यांवर तो निळा रंगवलेला असतो. वेषाची मीमांसा करणारे आमचे समीक्षक परदेशी चित्रपटांतल्या काळ्या कोटावर पाने भरतात. या निळ्या कोटावर कोणी शंभर ओळी लिहिल्या तरी आम्ही आनंदाने वाचू.

तरुण पिढीच्या मनातला काळा कोट अर्थात 'द मेट्रिक्स'चा (१९९९) आहे. त्यातली मौज अशी की नायक निओचा तो प्रसिद्ध कोट चामड्याचा नव्हताच. वेषभूषाकार किम बॅरेट यांच्या हाती पैसा बेताचा होता. कोट लोकरमिश्रित स्वस्त कापडाचा शिवला गेला आणि नायिकेचा वेष चकाकत्या पीव्हीसीचा. पाव शतक जगभरचे तरुण ज्या 'लेदर'च्या मोहात आहेत ते मुळात लोकर होते. आमच्या मावळी दृष्टीने पाहिले तर निओने काळी घोंगडीच पांघरली होती, फक्त तिला बाह्या आणि गुंड्या होत्या.

हा विनोद म्हणून सोडून देता आला असता. पण घोंगडीला आपण आपल्याच चित्रपटांतून घालवून देत आहोत. कुरवंड्याच्या घाटाचे नाव इतिहासात आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान बोरघाट टाळून याच घाटाने कोकणात उतरत होता, आणि खालच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याची कोंडी केली. ती कोंडी ज्या मावळ्यांनी केली ते कसे दिसत असतील? सुती बंडी, चोळणा, मुंडासे, कमरेला शेला, खांद्यावर घोंगडी. अलीकडच्या ऐतिहासिक चित्रपटांत मात्र मावळ्याच्या छातीवर आडवेतिडवे चामडी पट्टे, मनगटांना चामडी वेष्टणे आणि कधी खांद्यावरही कातड्याचे थर दिसतात. हा वेष सह्याद्रीतला नाही, तो परदेशी युद्धपटांतून उचललेला आहे. दिग्दर्शकाला बहुधा वाटते की सुती बंडीत शौर्य दिसणार नाही. आमची हरकत ऐतिहासिक चुकीपुरती नाही. या पट्ट्यांमुळे शौर्य पुन्हा वस्तूत जाऊन बसते, आणि ती वस्तू ज्यांनी कमावली ते पडद्यावर कोठेच नसतात. कथेत चांभाराचे घर नाही, ढोरवाडा नाही. कातडे मात्र प्रत्येक चौकटीत आहे. जे चित्रपटात तेच कादंबरीत: ऐतिहासिक कादंबरीतल्या घोड्यांच्या खोगिरांची वर्णने आठवा आणि त्यातले एक तरी खोगीर शिवणारा माणूस आठवतो का ते पाहा. १९७८च्या 'बलुतं'पासून दलित आत्मकथनांनी गावकुसाबाहेरचे जगणे लिहून ठेवले आहे. ती आत्मकथने आणि या कादंबऱ्या आपण दोन निरनिराळ्या तासांना शिकवतो, एवढाच त्यांचा संबंध.

आज कातडेच दुर्मीळ होत आहे हेही सांगितले पाहिजे. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळू यांनाही लागू झाला. तेव्हापासून हा व्यवसाय म्हशीच्या आणि बाहेरून येणाऱ्या कातड्यावर अधिकच विसंबून आहे, आणि धारावीतल्या चर्मकारांच्या हातचे काम कमी झाले. त्यातून एक उद्योग निघाला: सुधीर राजभर यांनी 'चमार' हेच नाव लावून, धारावीतल्या कारागिरांबरोबर टाकाऊ रबरापासून पिशव्या करायला घेतल्या. वेलिंग्टनच्या बुटाने जी वाट धरली तीच ही, पण पावसाने नव्हे, कायद्याने दाखवलेली. आणि या वाटेवर शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द मालाचे नाव झाला.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता दाखवली, तेव्हा महाराष्ट्र खवळला. २०१९ सालचे भौगोलिक मानांकन हाताशी होते, कारागीर पुढे आले, कंपनीला मूळ मान्य करावे लागले, आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घेण्याचे ठरले. किंमत जोडाला आठशे युरोंच्या आसपास. चपलेच्या बाबतीत गाव, जात, जिल्हा, हात सारे काही वर्तमानपत्रांत छापून आले. लांब कोटाच्या आतल्या बाजूस एक चिठ्ठी असते. तिच्यावर कंपनीचे नाव असते, माप असते आणि धुण्याविषयीच्या सूचना असतात.