जोडशब्दांचे सांधे

वाचनाच्या तासाला पांचवींतील एका मुलानें ‘बालकवि’ हा शब्द ‘बालक-वि’ असा वाचला आणि सारा वर्ग हंसला. पुढें कित्येक दिवस तो वाचावयास उभा राहिला नाहीं. माझ्या मतें दोष त्याचा नव्हता.

मराठींत शब्दाच्या शेवटचा अकार आपण लिहितों, पण उच्चारीत नाहीं. ‘बाल’ हा मुखांत ‘बाल्’ होतो आणि मागील ‘बा’वर किंचित् भार पडतो. समास झाला तरी हा सांधा टिकतो: बाल्-कवि, जन्-गणना. (आधीं जोडाक्षर असेल तर गोष्ट निराळी, ‘चित्रपट’ यांतील ‘त्र’ पुराच उच्चारावा लागतो.) आपण ‘घाट्-कोपर’ म्हणतों, ‘घाटको-पर’ म्हणणारा प्रवासी नवखा आहे, हें लोकलच्या डब्यांत तत्काळ ओळखूं येतें. परंतु कान जें जाणतो तें लिपि दाखवीत नाहीं. ‘बालकवन’ म्हणजे मुलांसाठीं रचलेलें कवन कीं बालकांचें वन? अक्षरें तींच, सांधा हलला कीं अर्थ हलला. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत ‘बालकवि’ ही पदवी मिळाली, तेव्हां त्यांनीं विशीहि गांठली नव्हती, हें ज्याला ठाऊक आहे तो चुकणार नाहीं. ज्याला ठाऊक नाहीं त्यानें काय करावें?

लांबलचक जोडशब्दांबद्दल प्रसिद्ध असलेल्या जर्मन भाषेंतहि हीच अडचण आहे. ‘ब्लूमेनटोप्फेर्डे’ म्हणजे फुलांच्या कुंडीची माती: ब्लूमेन, टोप्फ, एर्डे. भलत्याच ठिकाणीं तोडला तर शेवटीं ‘प्फेर्डे’, म्हणजे घोडे, उरतात! तेथें निदान मुख्य आघात बहुधा पहिल्या घटकावर पडतो व तो स्पष्ट ऐकूं येतो. आपला आघात इतका सौम्य कीं त्यावर विसंबतां येत नाहीं.

म्हणून सातवीपर्यंतच्या पुस्तकांत अनोळखी समासांमध्यें संयोगचिन्ह छापावें, असें मला वाटतें. पान विद्रूप होईल व मुलांना कुबड्यांची संवय लागेल, असा आक्षेप एका शिक्षकबंधूंनीं घेतला. पान थोडें विद्रूप होईल, हें खरें. कुबडी मात्र आठवींत काढून घेतां येते. हंशाला भिऊन मिटलेलें तोंड उघडणें अधिक कठीण. पालकांनींहि घरीं मूल अडखळलें असतां उच्चार आयता सांगूं नये. ‘यांत शब्द किती?’ एवढेंच विचारावें. आणि मुद्रकांस विनंति कीं, ओळ संपली म्हणून ‘जनकल्याण’ हा शब्द ‘जनक’ येथें तोडून ‘ल्याण’ खालच्या ओळींत ढकलूं नये. थोडी जागा रिकामी राहिली तर राहूं द्यावी.