वरातीमागून घोडं

मार्च आणि सप्टेंबर हे दोन महिने जीवशास्त्रज्ञांना चांगलेच महागात पडलेत. खरंच! माणसाच्या काही जनुकांची नावं होती 'मार्च१', 'सेप्ट२' अशी. ती एक्सेलच्या चौकोनात टाकली की एक्सेल न विचारता त्यांची तारीख करून टाकायचं. १ मार्च, २ सप्टेंबर. ही भानगड २००४ साली एका शोधनिबंधात मांडली गेली. २०१६ मध्ये पुन्हा मोजदाद झाली, तेव्हा जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असल्या चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हात टेकले आणि नावंच बदलली. 'सेप्ट२' चं 'सेप्टिन२' झालं. ही आपोआप तारीख करण्याची खोड बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ साली.

हा किस्सा हसून सोडून देता येईल. पण याच जातीची दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. २००६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या एका गटाने दावा केला की गाठीतली जनुकं बघून कोणत्या कॅन्सर रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल ते सांगता येतं. त्यावर रुग्णांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या. कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी ती आकडेमोड पुन्हा करून पाहिली, तर काय? जनुकांची यादी एका ओळीने खाली सरकलेली! काही ठिकाणी 'औषध लागू पडतं' आणि 'लागू पडत नाही' हे शिक्केही उलटे. चाचण्या २०१० मध्ये थांबल्या, मूळ निबंध २०११ मध्ये मागे घेतला गेला. पुढे २०१५ मध्ये सरकारी चौकशीत डेटात फेरफार झाल्याचाही निष्कर्ष निघाला. पण माझं लक्ष त्या एका ओळीवर अडकतं. कच्चा डेटा आणि त्यावर केलेली प्रत्येक पायरी नीट नोंदवलेली असती, तर ही गोष्ट एखाद्या दुपारी कळली असती. या दोघांचे शेकडो तास त्यात गेले.

मी संगणकवाला माणूस, पोटासाठी जीवशास्त्रज्ञांच्या डेटात डोकं घालतो. (शुद्ध मराठीत 'विदा' म्हणायचं म्हणे, आमच्याकडे कुणी म्हणत नाही.) आमच्याकडे लोक येतात तेच मुळी हातात हार्डडिस्क घेऊन. मागे एक पीएचडीची विद्यार्थिनी आली. दीड वर्ष नमुने गोळा केलेले, सिक्वेन्सिंगवर प्रयोगशाळेचा बराचसा निधी संपलेला. मी विचारलं, कोणते नमुने कोणत्या दिवशी यंत्रावर लावले? तर सगळे रुग्णांचे एका दिवशी, सगळे निरोग्यांचे दुसऱ्या दिवशी. आता दिसणारा फरक रोगाचा की दिवसाचा? जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ते सांगू शकत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या मुलीचा काय दोष? तिला आधी हे सांगणारं तिथे कुणी नव्हतंच.

रोनाल्ड फिशरने १९३८ साली कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत हेच सांगितलं होतं, की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे पोस्टमॉर्टेमला बोलावणं. इतकी वर्षं झाली, आपलं वरातीमागून घोडं चालूच आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे की प्रत्येक वैद्यकीय संशोधन संस्थेत डेटा आणि बायोइन्फर्मेटिक्सचा एक सामायिक विभाग हवा. जसं ग्रंथालय असतं, तसा. प्रत्येक प्रयोगशाळेने आपला स्वतंत्र माणूस ठेवणं परवडत नाही. आणि ठेवला तरी तो बहुधा विद्यार्थी असतो. तो गेला की फाइलींच्या नावांचा अर्थही त्याच्याबरोबर जातो. २०१४ साली काहीजणांनी २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ निबंधांचा मूळ डेटा मागून पाहिला. डेटा शिल्लक असण्याची शक्यता दरवर्षी १७ टक्क्यांनी घटत गेलेली आढळली.

उलट, नीट सांभाळलेला डेटा काय करतो तेही बघा. प्रोटीन डेटा बँक १९७१ साली अवघ्या सात रचनांवर सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून जास्त आहेत, आणि त्यांच्यावरच अल्फाफोल्ड शिकलं, ज्याला २०२४ चं नोबेल मिळालं. आपल्याकडेही पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्स केंद्र १९८७ पासून आहे, आणि २०२२ मध्ये फरीदाबादला राष्ट्रीय जैविक डेटा केंद्र सुरू झालं. उत्तमच झालं. पण ते कोठार आहे. कोठारात जाणारं धान्य निवडून, पाखडून, चिठ्ठी लावून पाठवायचं काम शेतावरच व्हायला हवं ना!

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. "सामायिक विभाग म्हणजे आणखी एक खिडकी. अर्ज द्या, रांगेत उभे राहा, आणि शेवटी आमच्या विषयातलं काही न कळणारा माणूस एक आलेख हातात ठेवणार." असे विभाग मी पाहिलेत. पण त्यावरचा उपाय विभाग नसणं हा नाही. विभागातला माणूस पहिला नमुना घेण्याआधीच्या बैठकीत हवा. त्याला अकरा महिन्यांच्या करारावर न ठेवता कायम नोकरी हवी, आणि निबंधावर त्याचं नाव हवं. कोट्यवधींच्या यंत्राला मंजुरी मिळते आणि ते यंत्र जे ओकतं ते सांभाळणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही, हे गणित मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

डेटा वाया गेला असं आपण सहज म्हणतो. पण त्यातल्या प्रत्येक ओळीमागे एक माणूस असतो. दवाखान्यात आधीच चार ठिकाणी टोचून घेतलेला, आणि तरी संमतीपत्रावर सही करून पुन्हा हात पुढे करणारा. "मला नाही तर पुढच्याला उपयोग होईल," एवढ्याच भरवशावर. त्याचं रक्त कुणाच्या तरी टेबलाच्या खणातल्या, कुणालाच न उघडणाऱ्या हार्डडिस्कमध्ये संपत असेल, तर ती फसवणूकच आहे. कुणी जाणूनबुजून केलेली नसली, तरीही.