गादीचं ऑपरेशन: थांबायचं कधी, धावायचं कधी



विहारात आरोग्य शिबिर असलं की कंबर धरून आलेल्यांची रांग सर्वांत मोठी. झाडूवाले, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या ताया. हातात एमआरआयची पिशवी आणि तोंडी एकच प्रश्न, "सिस्टर, ऑपरेशन नाही केलं तर लकवा होईल का?" कुणी तसं घाबरवलेलं असतं. उलट दुसऱ्यानं सांगितलेलं असतं की मणक्याला हात लावला की माणूस कायमचा खाटेवर. दोन्हींवर विश्वास ठेवू नका.

मणक्यांमधली गादी सरकून नस दाबते, म्हणून कळ पायात उतरते. पुष्कळदा बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू स्वतःच जिरवतं. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे पाय ठणकणाऱ्या २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षाअखेर थांबलेलेही तितकेच बरे होते. थांबलेल्यांपैकी शंभरात ३९ जणांना मात्र पुढे ऑपरेशन लागलंच. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांनी प्रत्यक्ष ऑपरेशन करून घेतलं त्यांना आठ वर्षांनीही जास्त आराम होता, पण त्यांच्यातल्या शंभरात सुमारे १५ जणांना या काळात पुन्हा टेबलावर जावं लागलं.

म्हणजे ऑपरेशन वाईट नाही. वाईट आहे ते घाबरून दागिने गहाण टाकून, व्याजानं पैसे काढून केलेलं ऑपरेशन. पायातली ताकद शाबूत असेल तर सहा-आठ आठवडे औषध, झेपेल तेवढं चालणं आणि व्यायाम करून पाहा. खाटेवर पडून राहू नका. तरीही कळ सोसवत नसेल तर सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला विचारा.

आणि ऑपरेशननंतर? टाके सुकत नाहीत तोच मुकादम बोलावतो, पुन्हा तीच पाटी डोक्यावर. सर्जन गादी काढतो, ओझं काढत नाही. हलक्या कामाची चिठ्ठी डॉक्टरांकडून लेखी घ्या, मुकादम ऐकत नसेल तर युनियनमध्ये मांडा. एकट्यानं मागितलं की नोकरी जाते, हे मी पाहिलंय.

पण लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर आठवडे मोजू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा काढा आणि मोठं रुग्णालय गाठा.