बुरशी म्हशीला घातली तरी दूध आपल्याच घरात येते



आपल्या धाराशिव जिल्ह्यात परतीचा पाऊस पुष्कळदा नेमका काढणीच्या तोंडावर गाठतो. भुईमूग उपटून ठेवलेला असतो, मक्याची कणसे खळ्यावर असतात. दोन दिवसांनी ताडपत्री काढली की कुबट वास येतो, दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी दिसते. एवढ्या कष्टाचे धान्य टाकवत नाही. धुऊन उन्हात घातले की झाले, असे आपण म्हणतो. न जमले तर म्हशीपुढे टाकतो. या दोन्ही सवयींबद्दल आज आम्हाला बोलायचे आहे.

धुतल्याने आणि उन्हाने वरची बुरशी जाते, पण तिने दाण्यात सोडलेले विष बरेचसे तसेच राहते. त्यातले सर्वात घातक अफ्लाटॉक्सिन. भाकरी भाजून किंवा दाणे परतूनही ते पुरते नष्ट होत नाही. थोडे थोडे बरीच वर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. एकदम जास्त गेले तर काय होते, ते १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात दिसले. अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी भरले. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले.

आपल्या ज्वारीलाही हा धोका आहे. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील २७ खेड्यांत भिजून बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाल्लेल्या घरांत पोटदुखी व जुलाब सुरू झाले. तेथे फ्युमोनिसिन हे दुसऱ्या बुरशीचे विष सापडले.

आता म्हशीचे. बुरशी आलेले दाणे किंवा पेंड तिने खाल्ली की अफ्लाटॉक्सिनचा काही भाग रूप बदलून दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही, दूध आटवून खवा केला तरी जात नाही. २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे असुरक्षित ठरले फक्त १२. अफ्लाटॉक्सिन मात्र ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आपण दुधात पाणी आहे का ते बघतो आणि गव्हाणीत काय पडले ते बघत नाही. ज्या जिल्ह्यात भूमसारख्या भागाचा संसार खव्यावर चालतो, तिथे हे बघायलाच हवे.

उपाय घरातलेच आहेत. शेंग हलवली की आत दाणा खुळखुळला पाहिजे, तोवर पोत्यात भरू नका. ज्वारी दाताखाली कडकन फुटली पाहिजे. पोती भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या घाला. दाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट आणि फुटके बाजूला काढा, कारण विष बहुतेक अशाच थोड्या दाण्यांत साठलेले असते. कडवट लागलेला दाणा गिळू नका, थुंका. ईदच्या शीरखुर्म्यासाठी घेतलेले पिस्ते, बदाम आणि खोबरेही याच नजरेने निवडा. पेंड थोडी थोडी आणा, ओल लागलेली वापरू नका.

राहिला मनातला प्रश्न. अन्न वाया घालवणे वाईट, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. पण जे खाल्ल्याने यकृत सडते, ते अन्न उरलेलेच नसते. ते टाकणे म्हणजे नासाडी नव्हे. खरी नासाडी ओला माल पोत्यात भरला तेव्हाच होऊन गेलेली असते. आणि एक विनंती: आपल्या घरात नको वाटलेली ज्वारी दारात आलेल्या गरिबाच्या पदरात घालू नका. आपण हलालसोबत तय्यिब, म्हणजे स्वच्छ आणि चांगले, असेही म्हणतो. ते त्याच्या लेकरांनाही लागू आहे. असे धान्य खड्डा करून पुरा आणि पुढच्या हंगामात ताडपत्री आधी शोधून ठेवा.