आधी छप्पर, मग एसी

समजा, मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही सहकुटुंब तंजावरला गेला आहात. दिवसभर बृहदीश्वराचं मंदिर आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून झालं. रात्री मध्यम भाड्याच्या हॉटेलात, सगळ्यात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. एसी चालू आहे तोवर सगळं छान. मध्यरात्री वीज जाते. जनरेटरवर फक्त दिवा आणि पंखा चालतो. थोड्याच वेळात खोलीची भट्टी होते. आजी उठून बसते, बाळ रडायला लागतं. खिडकी उघडावी, तर ती नुसतीच काच, उघडतच नाही.

तंजावरात ऊन असणारच. चूक होते ती बांधकामाचा नकाशा काढताना.

खरं तर प्रवाशांसाठी इमारती बांधण्याची या भागाला जुनी सवय आहे. तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रं उभारली. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधलेलं छत्र ओरत्तनाडूला आहे. तिथे वाटसरूंना जेवण आणि निवारा मिळे. त्या काळी वीज नव्हती, त्यामुळे गारव्याची सोय बांधणीतच करावी लागे. तमिळ घरातली रस्त्याकडची ‘तिण्णै’ म्हणजे आपला ओटा आणि ‘मुट्रम’ म्हणजे आपला चौक. वाड्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग आज तिथे हॉटेल बांधायचं, तर काय करावं?

सूर्य कुठून येतो ते पाहा. तंजावर विषुववृत्तापासून जेमतेम ११ अंशांवर आहे. साधारण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तिथला दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. म्हणजे सगळ्यात जास्त तापतं ते छप्पर. गच्चीला पांढरा परावर्तक थर द्या, त्याखाली उष्णतारोधक थर घाला. वर उंच सांगाड्यावर सौर पॅनेल बसवा. वीजही मिळेल आणि गच्चीवर सावलीही पडेल.

पश्चिमेला झोपायच्या खोल्या नकोत. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला अडवू शकत नाही. त्या बाजूला जिना, लिफ्ट, न्हाणीघरं, चादरींची कोठी ठेवा. खोल्या उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून असाव्यात.

दिवसाच्या आणि रात्रीच्या खोल्या वेगळ्या समजा. जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री तीच उष्णता आत सोडते. भोजनगृह, स्वागतकक्ष यांना ती उत्तम, कारण तिथे वावर दिवसाचा. पाहुणा खोलीत येतो मात्र रात्री. म्हणून खोल्यांच्या भिंती सावलीत ठेवा आणि लवकर निवतील अशा हलक्या बांधा.

हवेला दोन दारं द्या. मधे बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, अशी रचना केली की प्रत्येक खोलीला एकाच बाजूने वारा मिळतो. त्याऐवजी चौकाभोवती उघडी गॅलरी आणि तिच्या एकाच बाजूला खोल्या ठेवल्या, तर हवा आरपार जाते. मच्छरांसाठी जाळी लागेलच. पडदे आणि झडपाही हव्यात, नाहीतर पाहुण्यांचा खासगीपणा जाईल.

इथेच मालकाचा जीव खालीवर होतो. अशा रचनेत त्याच जागेत खोल्या कमी बसतात आणि खोली कमी म्हणजे रोजचं भाडं कमी. पण दुसऱ्या बाजूला एसीचं बिल आहे. ते इमारत उभी असेपर्यंत दरमहा येणार आणि शेवटी तुमच्या-आमच्या भाड्यातच मिळवलं जाणार. पंचतारांकित हॉटेलाला ते झेपतं. मध्यम हॉटेलाचं गणित मात्र त्यातच बिघडतं.

‘मग कूलर लावा की,’ असं नागपूरकर म्हणतील. पण कूलर कोरड्या हवेत चालतो. कावेरीच्या खोऱ्यातली हवा आधीच दमट, तिच्यात आणखी पाणी मिसळलं तर चिकचिकच वाढेल. तिथे अंगावरून वाहता वारा हवा. छताचा पंखा आणि २६ अंशांवर ठेवलेला एसी, एवढ्यावर झोप छान लागते. साधा पंखा ७०-७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी पंख्याला त्याच्या निम्मीही लागत नाही.

आपण काही हॉटेल बांधायला निघालेलो नाही. पण खोली ठरवताना तीन प्रश्न नक्की विचारू शकतो: खोली थेट गच्चीखाली आहे का? पश्चिमेची भिंत उन्हात आहे का? खिडकी उघडते का, आणि तिला जाळी आहे का?

स्वागतकक्षात बसलेल्या मुलाला पहिल्यांदा हे प्रश्न विचित्र वाटतील. पण प्रत्येक कुटुंब तेच विचारू लागलं, तर पुढचं हॉटेल बांधणारा मालक नकाशा काढतानाच त्यांची उत्तरं शोधेल. आणि हो, नवा फ्लॅट बघायला जाल, तेव्हाही हेच तीन प्रश्न सोबत न्या.